निगेटिव्ह नसलेला फोटो

बाबा, हे पत्र मुद्दाम हातानं लिहिते आहे. कॉम्प्युटरवर लिहिलेलं मिटवलं तरी मिटत नाही, हे मला फार उशिरा कळलं. कागद बरा, फाडला की फाटतो.

पांढरकवड्याच्या आपल्या स्टुडिओत स्थळाला दाखवायचा मुलीचा फोटो काढला, की तुम्ही त्याची निगेटिव्ह कापून खाकी पाकिटात घालून तिच्या बापाच्या हाती द्यायचात. तो ती उजेडात धरून बघायचा, मगच उठायचा. पोरीचा फोटो भलत्याच्या हाती पडला तर जुळलेलं मोडायचं, ही धास्ती. त्यात ती कापसाची पडती वर्षं. ठरलेली लग्नंसुद्धा पुढच्या हंगामावर जायची, आणि आपण लग्नाच्या अल्बमवरून फॉर्मच्या फोटोंवर आलो होतो. धंदा टिकवायचा तर डिजिटल शिकायलाच हवं म्हणून मी यवतमाळला क्लास केला, कॅमेरा घेऊन आले. तुम्ही तो मागून-पुढून पाहिलात. "याच्यात रोलच नाही, मंग भरोसा कायचा?" लोक दुधानं तोंड पोळल्यावर ताक फुंकून पितात, तुम्ही आधीपासूनच फुंकत बसायचात. मला भारी राग यायचा.

आणि मग ते काका येतात, मुलीला घेऊन. मुलगी पिवळ्या साडीत, सारखा पदर सावरतेय. फोटो झाला, प्रिंट हातात दिली, तरी काका उठेनात.

"निगेटिव्ह?"

"काका, याच्यात निगेटिव्ह नसते. कार्डात राह्यते फोटो."

"अन् कार्ड कोनापाशी राह्यते?"

तुम्ही काउंटरवरून म्हणालात, "मिटव. त्यायच्या समोर मिटव." मी बटण दाबलं. काकांनी रिकामा पडदा पाहिला, पण विचारलं मला नाही, तुम्हाला. "भाऊ, गेला का?" तुम्ही म्हणालात, "गेला." एवढ्या वर्षांची पत तुम्ही त्या एका शब्दावर लावलीत. ते गेल्यावर मात्र हळूच मला विचारलंत, "खरंच गेला नं वं?" मी फणकारले, "तुमाले तं कोनावरच भरोसा नाही!" खरं सांगू? क्लासात कोणतं बटण दाबायचं एवढंच शिकवलं होतं. मिटवलेला फोटो जातो कुठे, हे मी विचारलंच नव्हतं.

त्याच आठवड्यात मी तुमचाही फोटो काढला. चष्मा कपाळावर, हातात निगेटिव्हची कात्री. "माहा कायले काढते? मिटव." मिटवला. पंधरा दिवसांत तुम्ही गेलात. ते कार्ड मी काढून ठेवलं, पुन्हा वापरायचा धीर झाला नाही.

कैक वर्षांनी कॉम्प्युटर दुरुस्त करणारा सहज बोलून गेला, की मिटवलेले फोटो परत काढता येतात. मला फक्त तुम्ही आठवलात. जपून ठेवलेलं ते कार्ड लावलं, त्यानं दाखवलं तसं करत गेले आणि पडद्यावर तुम्ही आलात, कात्रीसकट. तुमच्या मागोमाग एकेक करून, त्या दिवसांत बापांच्या समोर मिटवलेल्या सगळ्या मुलीही आल्या. पिवळ्या साडीवालीसुद्धा. तुमचा संशय खरा होता, बाबा, आणि तुमचा शब्द माझ्यामुळे खोटा पडला.

तुमचा फोटो छापला, मुलींचे पुन्हा मिटवले, तुमच्याच कात्रीनं कार्डाचे तुकडे केले. तरी कॉम्प्युटर सुरू करताना रोज वाटतं, आत कुठेतरी त्या असतीलच. त्या दुरुस्तीवाल्याला आता मी मशीनला हात लावू देत नाही.

परवा तेच काका आले होते, नातीच्या शाळेच्या फॉर्मसाठी. काउंटरमागचा तुमचा फोटो बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "भाऊ अस्सेच होते. याची निगेटिव्ह जपून ठेवजो, पोरी."

"ठेवली आहे, काका," मी म्हणाले.