प्रकरण सहावे, कबूल नाही

मी, भीमाबाई देवाजी नगराळे, वय सत्तावन्न, धर्म बौद्ध (सन १९५६ पासून, नागपुरातच, आईचा हात धरून), निवृत्त टंकलेखिका, राहणार हुडकेश्वर, नागपूर, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कुणीही भरीस न घालता आणि चष्मा लावून सांगत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. मागच्या महिन्यात धंतोलीच्या डॉक्टरांनी माझे पित्ताशय काढले, डोक्याला हात लावला नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही, कारण मरायला सवड नव्हती.

मी सांगते आहे आणि माझी भाची जया, माझा दिवंगत भाऊ रुपराव याची धाकटी मुलगी, टाइप करते आहे. ज्याला मिळायचे त्याने मृत्युपत्र टाइप करू नये, असा वकील चंपतराव यांचा सल्ला आहे. सल्ला चांगला आहे. पण माझ्या मशीनवर तिच्याशिवाय कुणाचा हात मी बसू दिलेला नाही आणि मरताना बसू देणार नाही. म्हणून प्रत्येक पानावर मी सही करीन आणि दोन्ही साक्षीदार पहिल्या ओळीपासून समोर बसून चहा पीत आहेत.

कलम १. मी गेल्यावर त्रिशरण-पंचशील व्हावे आणि आलेल्यांना पोटभर जेवण द्यावे. भाषणे करू नयेत. मी आयुष्यभर लोकांची भाषणे टाइप केली आहेत, त्यांत काय असते मला माहीत आहे.

कलम २. पोस्टातली शिल्लक वस्तीतल्या वाचनालयाला द्यावी. अट एकच, मुलींना संध्याकाळी सातनंतरही बसू द्यावे.

कलम ३. हुडकेश्वरचे घर, म्हणजे दोन खोल्या, ओसरी, हातपंप आणि लिंबाचे झाड, हे सर्व जया हिला एकटीला. मी प्लॉट घेतला तेव्हा इकडे रिक्षावाला यायला तयार नसे. आता शेजार दाटला आहे. घर जयाला का, ते लिहून ठेवते, म्हणजे मागाहून कुणी तर्क लढवणार नाही. जया कोराडीच्या वीजकेंद्राच्या कचेरीत टाइप करते. संध्याकाळी बसमधून उतरते तेव्हा केसांवर राख असते आणि पिशवीत दुसऱ्यांची कामे. कुणी काही सांगितले की ही म्हणते, "हो जी." स्वभावाने गरीब गाय. उद्या कुणी तिला खोटे टाइप करायला सांगितले तर ही पोरगी काय करील, हा घोर मला ऑपरेशनपेक्षा मोठा होता. नाही म्हणणाऱ्याच्या डोक्यावर स्वतःचे छप्पर असावे लागते. म्हणून घर. हे टाइप करतानाही तिने मान खाली घालून "हो जी" म्हटले आहे.

कलम ४. माझे टाइपरायटर मशीन जयालाच. त्याचा 'क' थोडा वर उडतो. तो दुरुस्त करू नये, मशीनची ती ओळख आहे. यावर मी कोर्टाच्या आवारात जुने टंकलेखक दादाजी यांच्या हाताखाली सात वर्षे बयाने आणि अर्ज टाइप केले. दादाजी चाव्यांवर रुमाल टाकून शिकवत. त्यांनी अशी सवय लावली, की कुठलाही मजकूर संपला की बोटे आपोआप शेवटची ओळ मारत: वाचून दाखविले, बरोबर असल्याचे कबूल केले. मराठी असो वा इंग्रजी. एकदा तर मी घरच्या किराणा यादीखालीही ती ओळ मारली होती.

ही सवय घेऊन मी विधी महाविद्यालयात नोकरीला लागले, आणि पुढचे सगळे तिच्यामुळे घडले.

कलम ५. लोखंडी पेटीतले पुस्तक, जर्मनीहून आलेली एकोणीस पत्रे आणि लाल फडक्यात बांधलेली चाळीस पाने जयाला. ती काय आहेत हे तिला ठाऊक आहे, पण तिच्या मुलाबाळांना ठाऊक असणार नाही, म्हणून सांगते.

सन १९६६ मध्ये जर्मनीचे डॉ. कोनराड हाल्बाख आमच्या कॉलेजात एका वर्षासाठी शिकवायला आले. वय एकोणचाळीस, उंची दाराला लागेल इतकी. विषय असा, की राज्यकर्त्यांच्या हुकमाने जेव्हा माणसे मारली जातात, तेव्हा गुन्हेगार कोण? हुकूम देणारा, की मानणाराही? एका देशाच्या कायद्याने हे सुटत नाही, सगळ्या देशांनी मिळून कायदा करावा लागतो, असे ते म्हणत. त्यावर ते मोठे पुस्तक लिहीत होते आणि टाइप करायला मी होते. मे महिन्यात त्यांची भाजून भाजून वांग्यासारखी दशा झाली, तेव्हा मी त्यांच्या खिशात कांदा ठेवला. ऊन बाधत नाही म्हटल्यावर त्यांनी वर्षभर ठेवला, थंडीतही.

पहिले प्रकरण मी टाइप करून दिले आणि सवयीने खाली ओळ मारली: वाचून दाखविले, बरोबर असल्याचे कबूल केले. हेडक्लार्क मनोहरराव हरकरे यांनी कपाळाला हात लावला आणि ते पान पुन्हा करायला सांगितले. हाल्बाख साहेब मात्र हसायलाच लागले. म्हणाले, आमच्याकडेही बयानाखाली असेच लिहितात. पण लिहिले आहे तर खरे करायला हवे. तेव्हापासून प्रत्येक प्रकरण संपले की साहेब चार वाजता चहा मागवत, मला समोर बसवत आणि अख्खे प्रकरण मोठ्याने वाचून दाखवत. शेवटी मी "कबूल" म्हणायचे. माझे इंग्रजी टाइप करण्यापुरते पक्के आणि बोलण्यापुरते कच्चे, पण एवढे जमत होते. पाच प्रकरणे कबूल झाली.

सहावे प्रकरण कारकुनांवर होते. त्यात लिहिले होते की, ज्या कारकुनाने हुकमाप्रमाणे माणसांच्या याद्या नुसत्या टाइप केल्या, त्याला मजकुराची जाणीव होती असे धरता येत नाही. त्याचे हात यंत्राचाच भाग असतात. साहेबांनी वाचून संपवले आणि माझ्याकडे पाहिले. माझ्या तोंडून कबूल निघेना. निघाले ते वेगळेच, आधी आमच्या बोलीत, मग मोडक्या इंग्रजीत सांगितले.

"नाही साहेब, मले कबूल नाही. मी टाइप करतो तवा वाचतो. चुकलेलं अक्षर दिसते, त माणसाचं नाव काहून दिसणार नाही?"

त्यांना पटेना, म्हणून मी पुरावा दिला. सन १९५३ च्या एका बयानातल्या मेलेल्या मुलीच्या बांगड्यांचा रंग मी त्यांना सांगितला. तो मला आजही सांगता येतो. हिरवा, एक पिवळी.

साहेबांनी ती पाने टेबलावर उलटी ठेवली. चहावर साय धरली. मग म्हणाले, युद्धात मी सतरा वर्षांचा होतो, लष्कराच्या कचेरीत कारकून. याद्या मीच टाइप केल्या होत्या, मिस नगराळे. गाडी कुठे जाणार ते आम्हाला सांगितले नव्हते, पण परतीच्या रकान्यात प्रत्येक नावापुढे रेघ होती.

म्हणजे एवढा विद्वान माणूस चाळीस पाने कुणासाठी लिहीत होता ते मला कळले. मला त्यांची दया आली, हे खोटे कशाला बोलू. सतरा वर्षांचे पोर ते. पण दया वेगळी आणि सही वेगळी.

"एवढ्याशा पोराले किती शिक्षा द्याची थे तुमी ठरवा," मी म्हटले. "पण त्याले माहीत नवतं, असं मी टाइप नाही करत."

दुसऱ्या दिवशी साहेब आले ते ती चाळीस पाने घेऊन. त्यांनी माझ्याकडून पहिल्या पानावर मराठीत "कबूल नाही" असे लिहवून घेतले, खाली स्वतः सही केली आणि प्रकरण नव्याने लिहायला बसले. लाल फडक्यात आहेत ती हीच पाने. नव्या प्रकरणाचे पहिले वाक्य आहे: जो टाइप करतो तो वाचतो. हे वाक्य माझे आहे. प्रस्तावनेत त्यांनी माझे नाव लिहिले आणि स्वतःच्या याद्यांचीही गोष्ट लिहिली.

पुस्तक १९६९ मध्ये निघाले आणि तिकडे मोहोळ उठले. जुने प्राध्यापक प्रस्तावना न वाचताच म्हणाले, त्या काळाबद्दल बोलणारे तुम्ही कोण, तुम्ही तिथे नव्हतात. साहेबांनी उत्तर दिले, मी तिथे होतो. त्या तीन शब्दांपायी चार वर्षे त्यांना कायमची जागा मिळाली नाही. मग १९७३ मध्ये प्राध्यापक झाले आणि १९७९ मध्ये त्यांच्या प्रांतातल्या वरच्या कोर्टात न्यायाधीश. पहिल्या दिवशी आपण काळ्या झग्याच्या खिशात कांदा ठेवला होता, असे त्यांनी कळवले आहे. शेजारच्या न्यायमूर्तींना दिवसभर वास कुठून येतो ते उमगले नाही.

एक पत्र मी अनेकदा वाचते. त्यांच्यापुढे एक म्हातारा आरोपी उभा होता. तो म्हणाला, मी फक्त टाइप केले, वाचले नाही. आपण स्वतः कोण होतो हे साहेबांनी सोबतच्या न्यायाधीशांना आणि दोन्ही बाजूंच्या वकिलांना आधीच सांगून ठेवले होते. त्यांनी म्हाताऱ्याला एकच विचारले, यादीतले पहिले नाव कोणते होते? म्हाताऱ्याने पटकन नाव सांगितले. मग खाली बसला. खाली साहेबांनी लिहिले होते, आज नागपूरची आठवण आली.

माझ्या मृत्यूनंतर त्यांना शोकपत्र पाठवू नये. एक कांदा पार्सल करावा. त्यांना समजेल.

कलम ६. मनोहरराव हरकरे, सेवानिवृत्त हेडक्लार्क, यांनी "पाहुण्या विद्वानाच्या मजकुरात ढवळाढवळ केली" म्हणून मला दिलेला लेखी ठपका मी वीस वर्षे काचेच्या चौकटीत जपला आहे. तो चौकटीसह त्यांना परत द्यावा, सोबत पुस्तकाच्या प्रस्तावनेची नक्कलही. त्या ठपक्यात शुद्धलेखनाच्या चार चुका आहेत. तो टाइप करायलाही मलाच दिला होता, पण त्या चुका मी दुरुस्त केल्या नाहीत, कारण ढवळाढवळ करू नको असा हुकूम होता. बाकी माणूस वाईट नाही. माझ्या ऑपरेशनला संत्री घेऊन आले होते.

कलम ७. शामला, रुपरावची थोरली मुलगी, हिला काही देऊ नये. मी तिला वाढवले, बीए केले, आणि लग्नाच्या मांडवात ती सर्वांसमक्ष म्हणाली की आत्याने आम्हाला नाही, मशीनला वाढवले. तेही मी पोटात घातले असते. पण मी धंतोलीच्या दवाखान्यात अकरा दिवस पडून होते, तेव्हा ही शामला एकदाही

येथून पुढचा मजकूर माझ्या हस्ताक्षरात आहे, कारण टाइप करणारीने मशीनवरून हात उचलले आहेत. जे घडले ते जसेच्या तसे लिहिते.

मी म्हटले, पुढे टाइप कर, "फिरकली नाही." मशीन वाजेना. मला वाटले ऐकू गेले नाही, पुन्हा सांगितले. तिने हात मांडीवर ठेवले आणि म्हणाली, "नाही आत्या. मले कबूल नाही."

मी काहून म्हणून विचारले.

"ताई रोज येत होती. दुपारी तू इंजेक्शनच्या गुंगीत राहायची तवा. दोन ते चार तुझे पाय चेपत बसायची. मले म्हणे, सांगू नको वं, उठली का भांडल अन टाके तुटतील."

मी म्हटले, मग महिनाभर मूग गिळून का बसली होतीस? मान वर करून, माझ्या डोळ्यांत बघून ती म्हणाली, "ताईनं शपथ घातली होती. न सांगणं येगळं, आत्या. खोटं टाइप करणं येगळं."

इथे साक्षीदार ताराबाई, ज्या त्याच दवाखान्यात परिचारिका आहेत, म्हणाल्या की त्यांनाही हे माहीत होते. मला वाटत होते, पाय दवाखान्याची आया चेपते. मी जाताना त्या आयेला साडीही दिली. तिने मुकाट्याने घेतली.

मी रडले. दुसरे साक्षीदार मारोतराव म्हणाले, हे मृत्युपत्रात लिहू नका. मी लिहिते. मग हसू आले ते आवरेना, टाक्यांची जागा दुखू लागली तरी आवरेना. ज्या मुलीला नाही म्हणता यावे म्हणून मी अख्खे घर देऊ केले होते, तिने तेच घर अर्धे करायला पहिले नाही म्हटले, आणि तेही मला. हाल्बाख साहेब पुढ्यात असते तर मी त्यांना म्हटले असते, बघा, हा खरा न्यायाधीश. आज माझ्यासारखी सुखी बाई नागपुरात दुसरी नसेल.

सबब, कलम ७ रद्द. कलम ३ मधील "एकटीला" हा शब्द मी स्वतः खोडला आहे, त्याजागी "आणि शामला हिला, दोघींना सारखे" असे लिहिले आहे, आणि खाडाखोडीवर माझी व साक्षीदारांची सही आहे. शामलाला आज संध्याकाळीच जेवायला बोलावले आहे. भांडण होईल. ताराबाईंनी टाक्यांची जागा बघून परवानगी दिली आहे.

वकील चंपतराव यांना या मृत्युपत्राचे व्यवस्थापक नेमले आहे. त्यांनी हे पुन्हा नीटनेटके टाइप करून घ्या म्हटले, तर घेऊ नये. मशीन जिथे थांबले ती जागा तशीच राहू द्यावी.

सर्व मजकूर जयाने मला आणि साक्षीदारांना पहिल्यापासून मोठ्याने वाचून दाखविला. बरोबर आहे. कबूल.

ठिकाण: हुडकेश्वर, नागपूर
दिनांक: १६ नोव्हेंबर १९८६, रविवार

(सही) भीमाबाई देवाजी नगराळे

आम्हा दोघांच्या देखत भीमाबाईंनी सही केली. तेव्हा त्या पूर्ण शुद्धीवर होत्या आणि हसत होत्या.
१. (सही) मारोतराव वासुदेव ढोके, शेजारी
२. (सही) तारा गजानन शेंडे, परिचारिका

टंकलेखन: जया रुपराव नगराळे. कलम ७ मधील "एकदाही" या शब्दापर्यंत. वाचून टाइप केले.