एकाच रंगाचा नकाशा

अश्दोद, इस्रायल, १४ ऑगस्ट २०२५

॥ श्री ॥
(खाली तुझ्या भावोजींच्या आग्रहावरून: शालोम. देवाला दोन पत्ते असले म्हणून टपाल हरवत नाही.)

चि. निशिकांत यास नीलूताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोनवर तू ओरडतोस आणि मी रडते, म्हणून हे कागदाचं ठरवलं. लिहायचं आणि फोटो काढून ई-मेलने पाठवायचं. सॅमसन पेणकरशी लग्न करून मी या देशात आले तेव्हापासून आपल्या अण्णांनी मला एकही पत्र लिहिलं नाही. ती बाकी आता तुझ्याकडून वसूल करते.

आमच्या अवनेरला पुन्हा राखीव सैन्याचं बोलावणं आलं आहे. सप्टेंबरच्या मध्याला हजर व्हायचं. परदेशात संशोधन करतोय म्हणून सूट मागता येते, पण मागायची त्यालाच. मागच्या वेळी गाझातून परत आला तेव्हा काही बोलला नाही, आणि आम्ही काही विचारलं नाही. सिंगापूरला गेला तेव्हा मी सुटकेचा निःश्वास टाकला, की माझ्या भावाच्या घरी तरी नीट झोपेल.

समोरच्या राखेलचा मुलगा त्या शनिवारी, सात ऑक्टोबरला, नाचायला गेला आणि परत आला नाही. ज्यांनी त्याला मारलं त्यांच्यासाठी माझ्या तोंडात शिवीसुद्धा उरलेली नाही. आणि त्यानंतर जे चाललंय ते टीव्हीवर धड दाखवत नाहीत, पण वारा तिकडून असला की ऐकू येतं. आधी धम्म, मग कपाटातल्या कपबशा.

परवा आमच्या इमारतीतला एक गृहस्थ लिफ्टमध्ये सांगत होता की गाझात समुद्रासमोर प्लॉट पडणार आहेत, त्याने नाव घालून ठेवलंय. मी म्हटलं तिथे अजून माणसं आहेत. तो म्हणाला, जातील. मी पुढच्याच मजल्यावर उतरले. पलीकडचे पुढारीही त्याच पिठाचे, त्यांच्या नकाशात आम्ही जन्मलेलोच नाही. दोघांनाही तीच जमीन देवाने दिली म्हणे, आणि खरेदीखतावर सही करायला देव काही हजर होत नाही.

अवनेरला ये म्हणायला माझी जीभ वळत नाही. येऊ नकोस म्हणायला तोंड नाही, राखेल समोर राहते. तू त्याला दोन्हीतलं काही सांगू नकोस. जेवू घाल आणि त्याचं त्याला ठरवू दे.

चि. सौ. अरुणाला आशीर्वाद. लोभ आहे तेवढा पुरवून वापर.

तुझी,
नीलूताई

*

टॅम्पिनीस, सिंगापूर, २४ ऑगस्ट २०२५

ती. नीलूताईस निशिकांतचा शि. सा. न. (आठांपैकी एक अंग, उजवा गुडघा, सध्या रजेवर आहे.) वि. वि.

तुझा मुलगा ठीक आहे. सकाळी एमआरटी मेट्रोने विद्यापीठात जातो, समुद्राचं पाणी गोडं करतो आणि संध्याकाळी येऊन अरुणाची आमटी खारट आहे असं सांगतो. बोलावणं त्याने मला दाखवलं आणि फोन टेबलावर उलटा ठेवला. आम्ही जेवताना ठेवतो तसा नव्हे. विंचवावर वाटी झाकावी तसा. मी काही बोललो नाही. तुला माहीत आहे, मला हे किती जड जातं.

त्याचं मराठी ऐकून इथली माणसं चाट पडतात. तुझ्या सासूबाईंनी शिकवलेलं किनाऱ्यावरचं मराठी, त्यात इंग्रजीचा खडा नाही. आमची इथली पोरं सिंगापुरी शेपूट लावून 'नको लाह' म्हणतात, आणि हा फ्रिजला थंड कपाट म्हणतो.

म्हणून आमच्या मराठी मित्रमेळ्याने त्याला गणपतीच्या कार्यक्रमात बोलायला बोलावलंय. विषय, कोकणातल्या ज्यू लोकांची मराठी आणि तुमच्या घरचा मलिदा. स्वारी खूष आहे. पोहे, गूळ, खोबरं आणून अरुणाच्या ओट्यावर तालीम चालू आहे. म्हणाला, गणपतीपुढे एलियाहू नबीचा प्रसाद, आजीला गंमत वाटली असती. बोलावणं आल्यापासून तो पहिल्यांदा हसला, म्हणून मी आडकाठी केली नाही.

आता मित्रमेळ्याबद्दल. अध्यक्ष विश्वासराव, मरीन परेडला कॉन्डोत, तरणतलाववाल्या सोसायटीत, राहतात. पोटासाठी बँकेत नोकरी, लढाया मात्र सगळ्या मध्यपूर्वेत. रोज सकाळी ग्रुपवर कुठलीतरी इमारत कोसळतानाचा व्हिडिओ, खाली हात जोडलेले आणि सुप्रभात. हाच माणूस, वॉचमनने पोहायची वेळ संपली असं म्हटलं की चड्डीसकट सावधान उभा राहतो. त्याला ज्यू फार आवडतात, कारण त्याला मुसलमान आवडत नाहीत. प्रत्यक्ष ज्यू त्याने अवनेरच्या आधी पाहिलेला नव्हता.

दुसऱ्या टोकाला सौमित्र. त्याने पॅलेस्टाइनसाठी एका दुकानाची कॉफी सोडली आहे, म्हणजे शेजारच्या दुकानातून घेतो. त्या शनिवारी मेलेल्यांचा विषय निघाला की हा 'संदर्भ' नावाची गोष्ट काढतो. आणि त्याच्या मजल्यावर मलय कुटुंब राहायला आलं तेव्हा वासाची तक्रार करणारा पहिला हाच.

असो. कळावे. लोभ असावा, फक्त तो ग्रुपवर फॉरवर्ड करू नये.

तुझा,
निशिकांत

*

टॅम्पिनीस, १ सप्टेंबर २०२५

ती. नीलूताईस शि. सा. न. वि. वि.

हे पत्र लिहिण्याआधी मी दोनदा हात धुतले. उपयोग झाला नाही.

शनिवारी कार्यक्रम झाला. कॉन्डोची फंक्शन रूम, कोपऱ्यात गणपती, आणि भिंतीवर फलक: वीर अविनाश पेणकर यांचा जाहीर सत्कार. अवनेर नाव कुणाच्या जिभेला वळलं नसावं. आम्ही तिघं दारातच थांबलो. अवनेरच्या हातात मलिद्याचं पातेलं होतं. ते कुठे ठेवायचं हे कुणी सांगेना, शेवटी चपलांच्या रॅकवर ठेवलं.

इथे परक्या देशाचा झेंडा परवान्याशिवाय लावता येत नाही. विश्वासरावांनी तोड काढली होती. झेंडा नाही, केक. ताई, तुमच्या देशाच्या नकाशाचा केक. लांबच लांब, खाली टोक, वर निळी-पांढरी क्रीम.

विश्वासरावांची बायको अंजली मोठ्या कौतुकाने सांगत होती. तोआ पायोहच्या बेकरीतल्या चिनी बाईंनी म्हणे फोटो बघून विचारलं, अंकल, हा मधला भाग आणि ही किनाऱ्याची पट्टी, हे पण सेम कलर का? वेगळा कलर केला तर एक्स्ट्रा लागेल लाह. वेस्ट बँक आणि गाझाचा हा प्रश्न कार्यकारिणीच्या ग्रुपवर गेला. जगाला जो प्रश्न सुटत नाही तो आमच्या मित्रमेळ्याने चहा गार व्हायच्या आत सोडवला. एकच रंग, कारण दुसऱ्याचे वीस डॉलर जास्त. सौमित्रने विरोध नोंदवला. त्याचं म्हणणं, सगळाच केक दुसऱ्या रंगाचा हवा. दोघांचा नकाशा एकच गं, फक्त आयसिंग वेगळं. मला दोघांचे चेहरे सारखेच दिसले, रांगेत आपली पाळी कधी येते याची वाट पाहणाऱ्या माणसांचे.

आरती झाली. अवनेरच्या खांद्यावर शाल आली, हातात नारळ आला. विश्वासराव साबुदाणावड्याची डिश सांभाळत पुढे झाले आणि त्याला, अगदी जावयाला पगार विचारावा तशा लाडिक आवाजात, विचारते झाले की एकूण किती उडवले. कुणीतरी हसलं. बाकीच्यांनी कान टवकारले. बायकांनी मुलांना गप्प केलं, नीट ऐकू यावं म्हणून.

अवनेरने नारळ गणपतीपुढे ठेवला. मग त्याच्या हातात रिबन बांधलेली सुरी दिली. कुठून कापायचा यावर चर्चा झाली. कोणी म्हणालं वरून, कोणी म्हणालं मधून. एका बाईंनी गाझाचा तुकडा माझ्या पिंट्याला द्या म्हणून सांगितलं, कडेला क्रीम जास्त असतं. ताई, हे त्या बाईंनी दुष्टपणाने म्हटलं नाही. तेच मला जास्त लागलं.

अवनेरने सुरी केकशेजारी ठेवली. शाल काढून नीट चौघडी घातली आणि खुर्चीवर ठेवली. मग आपल्या त्या जुन्या, स्वच्छ मराठीत म्हणाला की मंडळी, मी मलिद्याविषयी बोलायला आलो होतो, तुम्ही जेवून घ्या. आणि चपला घालून बाहेर पडला. लिफ्टपाशी सौमित्रने त्याला गाठलं, आत्ताच्या आत्ता व्हिडिओवर जाहीर माफी मागायला सांगितलं, आणि ती मिळेना तेव्हा विचारलं की तेल अवीवच्या कंपन्यांत ओळख आहे का, मुलगा या वर्षी पास होतोय.

केक विश्वासरावांनी कापला. सगळा संपला. मी खाल्ला नाही, पण अरुणा पातेलं शोधत होती तोवर माझ्या हातात कुणीतरी डिश दिली आणि मी ती धरून उभा राहिलो. तसा माझा फोटो ग्रुपवर आहे. खाली हात जोडलेले.

अवनेर दोन दिवस खोलीतून जेवायलाच काय तो बाहेर येतो. बोलावण्याबद्दल बोलत नाही.

लोभ मागायची आज लाज वाटते, तरी असावा.

तुझा,
निशिकांत

*

अश्दोद, ५ सप्टेंबर २०२५

चि. निशिकांत यास आशीर्वाद, नेहमीपेक्षा कमी.

काल त्याचा फोन आला. सूट मागितलेली नाही. बारा तारखेला विमानात बसतो म्हणाला. पुढे काही विचारायच्या आत फोन ठेवला.

तुला एकच काम सांगितलं होतं, जेवू घालायचं. तुम्ही त्याला ओवाळून रणांगणावर पाठवलंत. बेकरीवालीला जो प्रश्न पडला तो तुमच्या डिग्रीवाल्यांना पडला नाही! तुमच्यातल्या एकालाही रात्री भोंगा ऐकून जिन्यात बसावं लागत नाही, की तंबूत झोपावं लागत नाही. दुसऱ्याच्या मढ्यावर तुमचं हळदीकुंकू.

इथे बातमी पसरली. भावोजींनी त्याचे बूट उन्हात ठेवले. राखेलला सांगितलं तर तिने माझा हात दोन्ही हातांत धरला. दोन वर्षांत पहिल्यांदा तिने मला असं जवळ केलं, आणि निशा, मला ते बरं वाटलं. पोराच्या बदल्यात मिळालेलं ते बरं वाटणं आठवलं की स्वतःचीच शिसारी येते.

विमान किती वाजता सुटतं ते कळव. बाकी लोभाचं नंतर बघू.

नीलूताई

*

टॅम्पिनीस, १३ सप्टेंबर २०२५

ती. नीलूताईस शि. सा. न. वि. वि.

शिव्या पोचल्या. योग्य पत्त्यावर आल्या.

त्याला काल चांगी विमानतळावर सोडलं. हे पत्र त्याच्या मागोमाग येईल, पण तुझा गैरसमज एक दिवससुद्धा नको म्हणून लिहितो. तो लढायला आलेला नाही. तो नाही म्हणायला आला आहे.

मी त्याला पुष्कळ समजावलं. तू सांगितलेलं मोडून समजावलं. म्हटलं अरे गाढवा, सूट माग, इथे बस, पाणी गोडं कर, कोण विचारतंय. तर म्हणाला, मामा, तेच ना. इथे बसून नाही म्हटलं तर ते नाही कुणाला ऐकू येत नाही. आणि इथे मी बसलो की लोक मला वीर म्हणतात. दर गणपतीला शाल येणार. मी काय केलं ते ज्यांना ठाऊक आहे त्यांच्या तोंडावर मला नाही म्हणायचंय.

मी विचारलं, काय केलंस? म्हणाला, आधी आईला सांगेन.

तुरुंगात टाकतील म्हटलं, तर टाकतीलच म्हणाला, जसं काही मी त्याला पाऊस पडेल म्हणून सांगतोय. विद्यापीठाने जागा ठेवली तर ठेवली. आत जाताना अरुणाच्या पाया पडला. ती अजून रडते आहे आणि मित्रमेळ्याचा राजीनामा माझ्याकडून इंग्रजीत लिहून घेते आहे, मराठीत तिला शिव्या आवरत नाहीत म्हणून.

त्याच्यावर रागावू नकोस. रागवायचं असलं तर मी आहेच, बारमाही.

तुझा,
निशिकांत

*

अश्दोद, २८ सप्टेंबर २०२५

चि. निशिकांत यास नीलूताईचे आशीर्वाद, पूर्वीइतकेच. वि. वि.

अवनेर लष्करी तुरुंगात आहे. तीन आठवड्यांची शिक्षा. पुन्हा बोलावतील, पुन्हा नाही म्हणाला तर पुन्हा आत. भावोजी त्याच्याशी बोलले नाहीत. बूट आत आणून ठेवले, एवढंच. राखेलने दार उघडलं, मला बघितलं आणि म्हणाली, तुला लाज वाटून घ्यायला मुलगा तरी आहे. ती खोटं बोलली नाही.

या आठवड्यात बऱ्याच मोठ्या देशांनी पॅलेस्टाइनला राष्ट्र म्हणून मान्यता दिली. इथे टीव्हीवर माणसं तोंडाला फेस येईपर्यंत चिडली, तिकडे टाळ्या झाल्या. ज्यांना राष्ट्र मिळालं ती माणसं कालच्याच तंबूत आहेत. लिफ्टमधला गृहस्थ अजून प्लॉटची वाट बघतोय.

काल तुरुंगातून अवनेरचा फोन आला. पहारेकऱ्याला कळू नये म्हणून मराठीत बोलला. निशा, त्याने सांगितलं.

गाझात त्यांची तुकडी एका रिकाम्या घरात राहिली होती. घरची माणसं घाईने निघून गेलेली. ओट्यावर भांड्यात हरभरे भिजत घातलेले, तसेच राहिलेले. मोड आले होते. बाकीचे म्हणाले नासलं, फेकून दे. पण हा सासूबाईंच्या हाताखाली वाढलेला. मोड दिसले की याला उसळ दिसते. त्याने त्यांचाच कांदा चिरला, त्यांचंच जिरं घातलं आणि सगळ्यांना वाढली. पोरांनी बोटं चाटली. दुसऱ्या दिवशी निघताना त्यांनी ते घर उडवलं. बटण याच्या हातात होतं.

उसळ चांगली झाली होती आई, असं तो मला दोनदा म्हणाला.

सुनावणीला अधिकाऱ्याने विचारलं म्हणे, की ही जमीन आपली आहे हे तरी तुला मान्य आहे ना? हा म्हणाला, जमिनीचं मला ठाऊक नाही. हरभरे त्यांचे होते.

उद्या भेटीचा दिवस आहे. काय शिजवून न्यावं ते मला सुचत नाही. सकाळपासून ओट्यापाशी नुसती उभी आहे. तुला काही सुचलं तर लगेच कळव, लोभाचं त्यातच आलं.

तुझी,
नीलूताई