अँप्लिफायर, त्यातली वीट आणि माझा निम्मा हिस्सा

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, अँप्लिफायरच्या कारखान्यातल्या तपासणी विभागातून निवृत्त, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या मर्जीने लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे, कारण ती शाबूत नव्हती असे सिद्ध करायला माझे दीर निघतील याची मला खात्री आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. प्रयत्न झाले, ते पुढे येतीलच.

१. राहते घर आणि बँकेतल्या ठेवी माझ्या मुलाला द्याव्यात. तो दूर असतो, फोन न चुकता करतो आणि दर फोनमध्ये सांगतो की आई, बाबांच्या अँप्लिफायरचे ते धूड काढून टाक, मी मुठीत मावणारा स्पीकर पाठवतो. पाठवलाही. तो स्वयंपाकघरात आहे, बातम्यांपुरता बरा आहे, त्याने तो परत न्यावा. मुलगा गुणी आहे. पण जी वस्तू उचलताना कमरेत कळ येत नाही तीच त्याला चांगली वाटते, म्हणून कारखान्याशी त्याचा संबंध येऊ नये.

२. कारखान्यातला माझा निम्मा हिस्सा. सगळ्यांचे डोळे याच कलमावर आहेत, म्हणून ते सावकाश लिहिते.

कारखाना म्हणजे पुढे दुकान आणि मागे दोन खोल्या. तो माझ्या यजमानांनी आणि त्यांच्या धाकट्या भावाने मिळून काढला. हे गेल्यावर ह्यांचा निम्मा वाटा माझ्याकडे आला, दुसरा निम्मा भाऊजींचा. आता एका मोठ्या कंपनीला आमच्या नावाची पाटी विकत हवी आहे. आमचे सेट नकोत, नुसती पाटी. माझ्या सहीशिवाय ती विकता येत नाही आणि सही मी देत नाही. मला छातीचा त्रास सुरू झाल्यापासून भाऊजी वरचेवर फळे घेऊन येतात आणि दार उघडायला आल्यावर मला किती धाप लागते ते कान देऊन ऐकतात.

सही का देत नाही, हे ज्यांना अजून कळलेले नाही त्यांच्यासाठी पुढचे लिहिते.

मी नन्सच्या शाळेत शिकले. तिथल्या प्रार्थनेच्या दालनात भात्यावर चालणारा ऑर्गन होता. मला गळा नव्हता, म्हणून सिस्टरनी मला पडद्यामागे भाता मारायला बसवले. गाणाऱ्या मुलींना शाबासकी मिळे, मला घाम येई. शेवटच्या कडव्याला सगळे सूर एकदम उघडले की भात्यातली हवा सरे आणि अख्खे गाणे मुलींसकट खाली बसे. तेव्हा सिस्टर वाजवणारीकडे पाहत नसत, पडद्याकडे पाहत.

अँप्लिफायरबद्दल जे कळायला हवे ते मला त्या पडद्यामागे कळले. भिंतीतली वीज आत घेतो तो ट्रान्सफॉर्मर. ती साठवून धरतात ते कपॅसिटर. हा झाला भाता. बाकीचे भाग नुसती तोंडाची उघडझाप करतात. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? खोक्यावर जे वॅट छापतात ते पोहऱ्याचे माप, आणि तेही एकच स्पीकर लावून, क्षणभर घेतलेले. आड किती खोल आहे ते कोणी छापत नाही.

ह्यांचेही मत हेच होते, नाहीतर मी लग्न केले नसते. ह्यांनी कारखान्यात दोन नियम घातले. सेट तपासायचा तो दोन्ही स्पीकर एकदम लावून. आणि समोरचा लाल दिवा जोडायचा तो मुख्य पुरवठ्यावरच, म्हणजे आत पुरवठा खचला की दिवा मंदावेल आणि गिऱ्हाइकाला डोळ्यांनी दिसेल. भाऊजी म्हणायचे, दादा, आपले उणे आपणच दिवा लावून काय दाखवायचे? हे म्हणायचे, कोणताही पुरवठा थोडा खचतोच, जो दिवा कधीच मंदावत नाही तो खोटे बोलतो.

गिऱ्हाइकाला हे आणखी एक सांगत: आधी उचलून बघा. मोठा ट्रान्सफॉर्मर जड असतो, दुसरा इलाज नाही. पुढे पुढे लोक दुकानात शिरले की काही न विचारता सेट उचलत, कमरेला हात लावत आणि पैसे काढत.

हे गेल्यावर मी कामावर गेले नाही. भाऊजी एकदा घरी आले, म्हणाले, वहिनी, दादाचा सेट सर्व्हिसिंगला नेतो. नेला, चार दिवसांनी आणून दिला. मी आभार मानले. ते शब्द मी इथे लेखी मागे घेते.

पुढे दाढ दुखली म्हणून मी दंतवैद्यांकडे गेले. ते आमचे गिऱ्हाईक. तबकडीवर ढोल सुरू झाला की गाणारी बाई खाली बसते, अशी त्यांची तक्रार होती. भाऊजींनी त्यांना सांगितले होते, तुमच्या घरचे वायरिंग जुने आहे. त्यांनी भिंती फोडून सगळे वायरिंग बदलले. बाई बसायची ती बसतच राहिली. हे सगळे त्यांनी माझे तोंड उघडे असताना सांगितले, त्यामुळे मला काही बोलता आले नाही.

घरी येऊन मी ऑर्गनची तबकडी लावली. शेवटचा खालचा सूर आला आणि भाता संपल्यासारखा बसला. दिवा मात्र ढिम्म. मी सेट उघडला. दिवा मुख्य पुरवठ्यावरून काढून वेगळ्या तारेवर जोडलेला होता. आत खेळण्यातला शोभेल एवढा ट्रान्सफॉर्मर होता आणि त्याच्या शेजारी वीट. भाजकी, चांगल्या प्रतीची, बनातीत गुंडाळून पट्टीने आवळलेली. काम नेटके होते, हे मान्य करते. दुकानातून जाणाऱ्या प्रत्येक सेटमध्ये तेव्हा तशीच एक वीट जात होती, कारण लोक अजूनही उचलून बघत होते. आणि आमचा मूळ ट्रान्सफॉर्मर? तो भाऊजींनी दुकानातल्या नमुन्याच्या सेटमध्ये घातला होता. गिऱ्हाईक ऐके आमचा भाता आणि घरी नेई वीट.

त्या ट्रान्सफॉर्मरबद्दल एक सांगायला हवे. आम्ही ते घरीच गुंडाळत असू. हे तार फिरवायचे, मी फेरे मोजायची. मध्येच हे काही बोलले की माझी मोजणी चुके. फक्त एक ट्रान्सफॉर्मर असा झाला की एक फेराही चुकला नाही, कारण तेव्हा आमचा अबोला होता. कशावरून ते आठवत नाही. चूक ह्यांची होती. पुरा झाला तेव्हा ह्यांनी तो माझ्या मांडीवर ठेवला आणि विचारले, जड आहे का? तिथे अबोला संपला. हाच तो ट्रान्सफॉर्मर.

मी वीट पिशवीत घालून दुकानात गेले आणि काउंटरवर ठेवली. भाऊजी गडबडले नाहीत. म्हणाले, "वहिनी, दुकानात शेकडो लोक ऐकतात. दादा गेला. आता घरी तो सेट ऐकायला आहे कोण?"

मी म्हटले, "मी."

वीट घेऊन मी परत आले.

भाऊजींची मुलगी, म्हणजे माझी पुतणी, मागच्या खोलीत जोडणीचे काम करते. ती ते ऐकत होती. कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशी ती दारात उभी राहिली. बाळ कडेवर, आणि बाबागाडीत दुपट्याखाली काहीतरी. गाडीची चाके वाकली होती. म्हणाली, "काकू, तुमचं माणूस परत आणलंय. जरा हात लावा, मला एकटीला उचलत नाही."

आम्ही दोघींनी मिळून तो ट्रान्सफॉर्मर उचलला, तिने तो ह्यांच्या सेटमध्ये बसवला आणि दिवाही पुन्हा मुख्य पुरवठ्यावर जोडला. सेटमधला चिमुकला ट्रान्सफॉर्मर तिने बाळाशेजारी ठेवून परत नेला आणि नमुन्याच्या सेटमध्ये बसवला, जोडीला गोदामातली एक वीट. बापाला काही बोलली नाही. लगेच मोठ्या कंपनीची माणसे ऐकायला आली. दोन्ही स्पीकर लावले, ढोल आला, बाई बसली. भाऊजी म्हणाले, आज करंट कमी आहे. आम्हा दोघींना वाटले, सौदा फिसकटला.

फिसकटला नाही. त्यांच्यातल्या एकाने सेट उचलून पाहिला, झाकण काढून आत डोकावला आणि म्हणाला, आम्ही वीटही काढून टाकू, वाहतुकीला स्वस्त पडेल.

तेव्हा माझ्या सहीची आशा कोणी धरू नये, माझ्या मागेही. माझा निम्मा हिस्सा मी पुतणीला देते. अटी अशा: दोन्ही स्पीकर एकदम लावून जेवढे वॅट टिकतील तेवढेच खोक्यावर छापावेत. दिवा मुख्य पुरवठ्यावर जोडावा. पाटी विकू नये. धंदा चालला नाही तर कुलूप लावावे. बंद पडण्यात लाज नाही, पोकळ वाशाच्या घरावर पाटी टांगण्यात आहे. तिला बापाविरुद्ध उभे करत आहे, हे मला कळते. पण ती आधीच उभी होती. मी फक्त पायाखाली काहीतरी ठेवत आहे.

३. ह्यांचा सेट, ट्रान्सफॉर्मरसकट, पुतणीलाच. बाबागाडीच्या दुरुस्तीचा खर्चही माझ्या ठेवींतून तिला द्यावा. मुलाने कुरकुर करू नये.

४. माळ्यावरचा दुसरा ट्रान्सफॉर्मर दंतवैद्यांना, आणि पुतणीने तो त्यांच्या सेटमध्ये बसवून द्यावा. तो आम्ही गप्पा मारत गुंडाळलेला आहे, त्यामुळे जरा गुणगुणतो. त्यांच्या खुर्चीत बसणाऱ्यांना सवय आहे.

५. वीट, बनातीसह, भाऊजींना. सध्या ती पुढच्या दाराला अटकाव म्हणून आहे आणि ते काम चोख करते. आमच्या व्यवहारातली तीच एक वस्तू नि:संशय त्यांची आहे. फळांबद्दल आभार. पेरू कच्चे होते.

६. माझ्या मागे कोणी भाषण करू नये. पुढच्या खोलीत ह्यांचा सेट लावावा, दोन्ही स्पीकर एकदम, आवाज पुरा, आणि ऑर्गनची तबकडी शेवटपर्यंत वाजू द्यावी. भाऊजींनी दिव्यासमोरच्या खुर्चीत बसावे. शेवटचा खालचा सूर येईल तेव्हा जमीन हलेल आणि दिवा किंचित मंदावेल. मंदावू द्यावा. कोणी उठू नये. सूर संपला की तो पुन्हा पहिल्यासारखा होईल.

अजिबात मंदावला नाही, तर पुतणीने स्क्रूड्रायव्हर घ्यावा आणि सगळ्यांदेखत सेट उघडावा.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी पुतणीने करावी. दंतवैद्य साक्षीला यायला तयार होते, पण ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, म्हणून त्यांना परत पाठवले. मी खालील दोघांसमोर सही केली आणि त्यांनी माझ्यासमोर.

साक्षीदार पहिले: डॉक्टर, ज्यांनी माझी छाती तपासली आणि पुरवठा कमी पडतो आहे असे सांगितले. (सही)

साक्षीदार दुसरे: वायरमन, ज्यांनी दंतवैद्यांच्या घरचे वायरिंग बदलले आणि ज्यांच्या कामात तेव्हाही काही खोट नव्हती. (सही)

ठिकाण: पुढची खोली, सेटसमोर. दिवा चालू आहे.
तारीख: नऊ फेब्रुवारी

लिहून ठेवणार: (सही)