बाबांचा राग, सात

पाथर्डी फाटा, नाशिक
१६ सप्टेंबर २०२४

चि. संध्यास,
अनेक आशीर्वाद. मी बरा आहे. गुडघे कुरकुरतात, जास्वंद फुलते.

काल पांडवलेण्याच्या पायथ्याशी फुलपाखरं मोजायला गेलो होतो. हसू नकोस. स्वयंसेवकांत म्हातारा मी एकटाच. शाळेच्या कवितांतली फुलपाखरं नुसती बागडायची, त्यांची नावं कुणी विचारत नसे. इथे नाव लिहायचं, पुढे आकडा. नीलवंत दिसला नाही म्हणून मी रकाना रिकामा सोडला. आमची प्रमुख शुभांगी, कॉलेजातली पोरगी, म्हणते कशी, "काका, रिकामं नका सोडू. शून्य टाका. शोधलं आणि दिसलं नाही, हीपण नोंदच."

मग म्हणाली, "इथली जुनी मोजणी कुणाकडेच नाही हो. डोंगरावरून काय काय गेलं, ते कशाच्या जोरावर सांगणार?"

घरी येऊन ट्रंक उघडली.

तुझी वही आहे, संध्या. नववीतली, याच डोंगरावरच्या फुलपाखरांची. रद्दीत दिली, असं सांगितलं होतं. दिली नव्हती. तुझं दहावीचं वर्ष तोंडावर होतं, मला तेवढंच सुचलं. नंतर तू कधी मागितली नाहीस. बंगळुरूहून फोन येतात तुझे, पण औषधं घेतली का, एवढ्यापुरते.

आज शुभांगीला दाखवली. तारखा, वेळा, सगळं चोख. नावं मात्र तुझी तूच ठेवलेली. 'पोस्टमन, चार.' 'आईची पैठणी, दोन.' 'बाबांचा राग, सात.'

"काका, हा राग म्हणजे कोणतं?"

"लालभडक असणार."

"असणार चालत नाही, काका."

खरं आहे. तू वही घेऊन मागे मागे यायचीस. मी कधी विचारलंच नाही.

शेवटच्या पानांवर दर रविवारी एक नाव आहे, ते फुलपाखराचं नाही. 'बाबांची कविता.' तुझी आई गेली त्यानंतरचे हे रविवार. सकाळी चहा करताना कविता म्हणायचं मी तेव्हाच सोडलं होतं. पुढे आकडा शून्य. अकरा रविवार, अकरा शून्यं. परवापर्यंत मला वाटलं असतं, रागाने लिहिलंस.

पानांची झेरॉक्स सोबत आहे. कोणतं फुलपाखरू कोणतं, ते तुझ्याशिवाय कुणालाच ठाऊक नाही. वही टपालाने पाठवत नाही. न्यायला ये.

नाही आलीस, तर दर रविवारी शून्य लिहीन. रकाना रिकामा सोडणार नाही.

तुझे,
बाबा