पोस्टमन, वेल्डर आणि तीनशे बारा खुर्च्या

ता. ३ मार्च, सोमवार. सकाळी ७.४०
नवी वही, शंभर पानी. पहिल्या पानावर काही खोडायचे नाही असे ठरवले आहे.

मालकांनी काल निर्णय दिला. थिएटरमध्ये आता ३१२ खुर्च्या उरल्या आहेत. या बनावटीच्या खुर्च्या हल्ली कुणी बनवत नाही, मोडली की गेली. सुताराने हात टेकले आहेत. म्हणून महिनाभर सकाळी जुना चित्रपट, संध्याकाळी नवा. ज्या खेळात कमी खुर्च्या मोडतील तो चालू राहणार, दुसरा बंद. मोजणी माझ्याकडे. मी नुसता डोअरकीपर आहे, पण माझे अक्षर स्वच्छ आहे आणि नववीत शाळा सुटेपर्यंत शुद्धलेखनात मी कुणाला हार गेलो नाही.

जुना म्हणजे पोस्टमनचा. स्वतःच्या प्रेयसीची पत्रे तो मित्राला नेऊन देतो आणि शेवटी तापाने मरतो. नवा म्हणजे वेल्डरचा. त्याच्या भावाला मारतात, मग तो सगळ्यांना मारतो.

निकाल मला आजच माहीत आहे. जुन्यात सबंध तीन तासांत एक थप्पड आहे. ती आई मारते आणि नंतर आईच रडते. असे पाहून पब्लिक घडते. कुऱ्हाडी पाहून बिघडते. यात शिकण्यासारखे काही नाही, डोळे असले म्हणजे झाले.

खरी गोष्ट बाबांची आहे. बत्तीस वर्षे ते याच थिएटरात मशीन चालवत होते. गुडघे गेल्यापासून घरी भिंतीकडे तोंड करून बसतात. फक्त सकाळच्या खेळासाठी बूट घालतात. खेळ बंद झाला तर बूट बंद. आणि बूट बंद झाले की माणूस... पुढचे लिहीत नाही.

संकल्प. एक, मोजणी प्रामाणिक. दोन, हात खिशात. मीटर वाचायला आलेल्या माणसासारखे प्रकरण पुन्हा नको, असे ताई म्हणाली. तो आधी ओरडला होता.

ता. ४ मार्च, मंगळवार. खेळ सुटल्यावर
सकाळ: माणसे ४१. बाबा बाल्कनीत, कोपऱ्यात, डोळे मिटून. ऐकत असावेत.

मोडलेल्या खुर्च्या दोन, पण त्यात चित्रपटाचा दोष नाही. निवृत्त मास्तर प्रत्येक संवाद नायकाच्या अर्धा सेकंद आधी म्हणतात. मागे शिंपीकाका बसतात. त्यांनी दोनदा सांगितले, अहो मास्तर, आम्हाला त्याच्या तोंडून ऐकू द्या. तिसऱ्यांदा सांगितले नाही. छत्रीचा आकडा मास्तरांच्या गळ्यात अडकवून मागे ओढले. मास्तर खुर्चीसह मागच्या रांगेत आले आणि तिथली खुर्चीही गेली. छत्रीला काही झाले नाही.

संध्याकाळ: माणसे ८८. पडद्यावर मेलेले ६१. (एक बुडाला, तो धरला आहे.) कुऱ्हाड, ड्रिल, एकाला इस्त्रीने. पब्लिकपैकी एक दणकट तरुण जांभई देत होता. एक बाई स्वेटर विणत होत्या, पाठीचा भाग सुरू होता. मी विचारले, तुम्हाला हे बघवते कसे? म्हणाल्या, घरी दोन मुलगे आहेत रे बाबा, तिथे फार मारामारी असते. इथे जरा शांत वाटतं.
मोडलेल्या खुर्च्या शून्य.
पहिलाच दिवस. घाईने मत बनवू नये.

ता. ६ मार्च, गुरुवार
सकाळी पोस्टमनच्या आईच्या मृत्यूच्या वेळी एक माणूस हसला. मी बॅटरी घेऊन समजवायला गेलो. (बॅटरी तीन सेलची, पोलादी. तिच्यावरूनच मला सगळे बॅटरी म्हणतात.) अंधारात समजूत त्याच्या कानावर बसली. त्याने माझी समजूत पोटात घातली. आम्ही दोघे क रांगेत चौदा नंबरवर पडलो.
ही खुर्ची धरलेली नाही. कर्मचारी कामावर असताना मोडले तर ते कामात मोडते.
नवा: शून्य. स्वेटर बगलेपर्यंत आला.

ता. ९ मार्च, रविवार. दुपारी
सुतार आला. त्याने कच्चा हिशेब न विचारता तिन्ही खुर्च्या धरल्या. म्हणाला, काय रे बॅटरी, पिक्चर लावता की आखाडा? मी सांगितले की हा कलेचा परिणाम आहे, लोक मनापासून पाहतात. तो म्हणाला, मनापासून पाहा, पण ढुंगण खुर्चीवर ठेवून पाहा.
ब रांगेच्या फटीत त्याला दात सापडला. सापडलेल्या वस्तूंच्या वहीत नोंदवला: दात, एक, वरचा, मालक अज्ञात.

ता. १२ मार्च, बुधवार. संध्याकाळी ५
नवा संकल्प. हात उचलण्याआधी वीसपर्यंत मोजायचे.

सकाळी पोस्टमनला ताप चढायच्या वेळी वाद झाला की पूर्वी या जागी एक गाणे होते, ते कापले. शिंपीकाका म्हणाले, होते. मास्तर म्हणाले, नव्हते, आणि असलेच तर तुमच्या डोक्यात होते. दोन मिनिटांत दोन पक्ष झाले. एकूण सोळा जण, सगळे साठीच्या पुढचे. काठ्या, डबे, एक चष्म्याचे घर. आगीसाठी ठेवलेली वाळूची बादली कुणीतरी मास्तरांच्या डोक्यात घातली आणि वरून छत्री वाजवली. ज्यांना पायऱ्या चढताना दम लागतो ती माणसे खुर्च्यांवरून उड्या मारत होती. मी दारात उभा राहून मोजत होतो. सतराला असताना कुणीतरी माझ्या नडगीवर लाथ मारली. पुढचे तीन मी पटकन मोजले.
आठ खुर्च्या. जुना एकूण अकरा. नवा शून्य.

ताई हाडांच्या दवाखान्यात प्लास्टर घालते. आज दुपारी जेवताना म्हणाली, तुमच्याकडचे चौघे आले होते. डॉक्टर विचारत होते, तिथे कुठला मारधाडीचा पिक्चर लागलाय? मी म्हणाले, पत्रं वाटण्याचा.
बाबा हसले. किती दिवसांनी हसले! सकाळच्या खेळाचाच गुण.

ता. १५ मार्च, शनिवार
शत्रूला ओळखावे म्हणून नवा चित्रपट तपासणीसाठी पूर्ण पाहिला. कथा नाही. संगीत नाही. भावना नाही. वेल्डर तोंडावरची काच वर करतो आणि पहिल्यांदा त्याचा चेहरा दिसतो, तेवढी एक जागा बरी आहे. ती नीट तपासण्यासाठी सोमवारी पुन्हा पाहावा लागेल.

ता. १८ मार्च, मंगळवार
चार वेळा तपासला. काच वर करताना त्याचा अंगठा थरथरतो. आधी लक्षात आले नव्हते. बाकी चित्रपट टाकाऊ आहे.
घरी ताईने विचारले म्हणून तिला गोष्ट सांगितली. बाबांनी खुर्ची भिंतीकडून अर्धी आमच्याकडे वळवली. आवाजाचा त्रास होत असावा. मी लगेच थांबलो.

ता. १९ मार्च, बुधवार. दुपारी ३
विचार केला. नव्याचे पब्लिक सभ्य नाही, भित्रे आहे. बिघडले आहेच, फक्त बाहेर येत नाही. खरा आकडा यायचा तर थोडी मदत करावी लागते. मोजणी प्रामाणिक ठेवण्याचा माझा संकल्प आहेच, त्यालाच धरून दुपारी पाना घेऊन मधल्या रांगेतल्या बारा खुर्च्यांचे नट सैल केले. आज कळेल कोण किती घडलेले आहे.

त्याच दिवशी. खेळ सुटल्यावर
लोक बसले, खुर्ची हलली, उठले, दुसरीकडे बसले. एकमेकांना सांगितलेही, जपून हां, ही जरा ढिली आहे. जांभईवाल्या तरुणाने तर खिशातून पाना काढला आणि स्वतःची खुर्ची आवळून टाकली. सिनेमाला पाना घेऊन कोण येते? हे लोक काहीही करू शकतात.
शून्य.
उरलेल्या अकरा आवळायचे लक्षात होते, पण वेल्डरच्या शेवटच्या प्रसंगात विसरलो.

ता. २० मार्च, गुरुवार
सकाळी अकरांपैकी नऊ खुर्च्या बसताक्षणी गेल्या. प्रत्येकाला वाटले दुसऱ्या पक्षाने केले. शिंपीकाकांनी मास्तरांचा कान धरला तो इंटरव्हलपर्यंत सोडला नाही. मास्तर चावले. मी शांतपणे एकापर्यंत मोजले आणि मध्ये पडलो. माझ्या बॅटरीची काच माझ्याच भुवईवर फुटली. पडद्यावर तेव्हा पोस्टमन मित्राला मिठी मारत होता, आणि फार सुंदर प्रकाश होता.
मारामारीत आणखी चार. जुना चोवीस.
बाबांना बाल्कनीतून उठवून न्यावे लागले. इतके तल्लीन झाले होते की घोरत होते.

ता. २४ मार्च, सोमवार. सकाळी
एकच उपाय उरला आहे. नव्या खेळात खुर्च्या मोडल्याच पाहिजेत. वेल्डर गोदामात शिरतो त्या मारामारीत इतका आवाज असतो की खाली काही ऐकू येत नाही. तेवढ्यात लाथा घालून पंचवीस. प्रत्येकी चार सेकंद. हे बाबांच्या बुटांसाठी आहे, म्हणून याला हिंसा म्हणता येत नाही.

ता. २६ मार्च, बुधवार
डाव्या हाताने लिहीत आहे. अक्षराबद्दल क्षमा. शुद्धलेखन तेच आहे.

फ रांग, नऊ नंबर. पहिली लाथ मारली आणि नेमकी त्याच क्षणी पडद्यावर संपूर्ण शांतता. वेल्डर काच वर करतो ती जागा. सहा वेळा पाहूनही ती गोदामाच्या मध्ये येते हे मी कसे विसरलो कळत नाही. खुर्ची मोडल्याचा आवाज बाल्कनीपर्यंत गेला. अठ्ठ्याऐंशी माणसे वळली. कुणीही शिवी दिली नाही. सगळे एकदम श्श म्हणाले.

पाय खुर्चीच्या सांगाड्यात अडकला. काढताना पडलो, आणि उजवे मनगट खाली आले. स्वेटरवाल्या बाईंनी सुई बाजूला ठेवून माझा पाय सोडवला. दुसरी बाही चालली होती. नंतर त्यांनी पाठीत एक रट्टा घातला, घरच्यासारखा. जांभईवाल्याने कॉलर धरून मला उचलले आणि दाराबाहेर ठेवले. म्हणाला, दादा, पिक्चर बघू द्या ना लोकांना. अगदी मी सांगतो तसे.

ताईने प्लास्टर घातले. म्हणाली, आता शांत बस. मी म्हणालो, मी शांतच असतो. तिने प्लास्टरवर टिचकी मारली.

ता. ३१ मार्च, सोमवार. दुपारी
निकाल. जुना चोवीस, नवा एक. मालक म्हणाले, आणि तो एकही तूच, गाढवा. सकाळचा खेळ उद्यापासून बंद. बॅटरी जांभईवाल्याकडे. तो गॅरेजमध्ये काम करतो, खुर्च्याही आवळेल. मला घरच्यांसाठी दोन फुकट पास दिले, कारण बाबांची बत्तीस वर्षे.
आता बाबांना सांगायचे आहे. पाणी आणि ब्लडप्रेशरची गोळी जवळ ठेवली आहे. ताईला लवकर बोलावले आहे.

ता. १ एप्रिल, मंगळवार. खेळ सुटल्यावर
सांगितले. काल संध्याकाळीच. बाबा म्हणाले, म्हणजे उद्यापासून सकाळी उठायला नको?
मी म्हणालो, पण बाबा, पोस्टमन.
म्हणाले, अरे, बत्तीस वर्षं तळहाताएवढ्या भोकातून तो पोस्टमन बघितला मी. शेवटी शेवटी वाटायचं, मर रे लवकर, मला घरी जायचंय. तू सहा वाजता बूट पुसून दारात उभा राहायचास. तुझं मन कशाला मोडा?
ताई आत जाऊन हसली. ऐकू आले.
मग बाबांनी विचारले, त्या वेल्डरचं पुढे काय झालं? तू अर्धंच सांगितलंस. आणि आज बूट घातले. स्वतः.

आज संध्याकाळी आम्ही फ रांगेत बसलो, आठ आणि दहा. मध्ये नऊ नंबर नाही, म्हणून मला बाबांकडे वाकून सांगावे लागत होते. आता तो इस्त्री घेईल. आता तो म्हणेल, भावाचा हिशेब बाकी आहे. आता अंगठा बघा, अंगठा. बाबांनी दोनदा सांगितले, गप रे, बघू दे. तिसऱ्यांदा मागून कुणीतरी माझ्या गळ्यात आकडा अडकवला आणि ओढले.

शिंपीकाका. सकाळचा खेळ बंद झाल्यामुळे तेही संध्याकाळी आले होते. म्हणाले, त्याच्या तोंडून ऐकू द्या.
मी आडवा असताना शेवटचा प्रसंग झाला. बाबांनी टाळ्या वाजवल्या. जांभईवाल्याने माझ्या तोंडावर बॅटरी मारून वहीत काहीतरी लिहिले. त्याचे अक्षर बरे नाही.

आठ नंबर गेला. नवा दोन.
छत्रीला काही झालेले नाही.