ब्याऐंशी

१४ मार्च २०२१
लग्न होऊन मिरजेहून काल बडोद्याला आले. गोत्री भागातलं हे घर तिसऱ्या मजल्यावर, लख्ख. स्वयंपाकघरात सकाळचं ऊन येतं. सिद्धार्थने खंडेराव मार्केटमधून मोगऱ्याचे दोन गजरे आणले. एक मला, एक नणंदेला. ईशानी तेवीस वर्षांची. हृदय जन्मतःच सदोष. लहानपणी एक ऑपरेशन झालं, पुढचं करता आलं नाही. ओठ जांभळट, बोटांची टोकं गोल फुगलेली. मोकळं हसते. म्हणाली, वहिनी, या घरात दादा माझा, बाकी सगळं तुमचं. सगळे हसलो. मीही.

२१ मार्च
इथे दिवस ईशानीच्या चालीने चालतो. जिना चढताना ती दम लागून मध्येच उकिडवी बसते. मग सगळे थांबतात, पिशव्या हातात धरून. चहानंतर सासूबाई तिच्या बोटाला ऑक्सिमीटर लावतात. ब्याऐंशी. मस्त छे, म्हणतात आणि पोळ्या लाटायला जातात. शेजारच्या मोहनाबेन तो आकडा बघून घाबरल्या. सासूबाईंनी सुनावलं, तुमचं सत्त्याण्णव तुमच्या घरी ठेवा, आमच्या पोरीला ब्याऐंशीच शोभतं.

२ एप्रिल
सिद्धार्थ रिफायनरीतून येतो, आंघोळ करतो आणि आधी तिच्या खोलीत जातो. तिच्या पाठीला कान लावून श्वास ऐकतो. माझ्या पाठीला त्याने कधी कान लावलेला नाही.
आज जिन्यात मीही उकिडवी बसले. छातीवर हात ठेवला. तो वळला. म्हणाला, तिची नक्कल करतेस, लाज वाटत नाही? ईशानी हसली नाही. माझ्याकडे नीट पाहत राहिली.

११ एप्रिल
ईशानीला करोना. डॉक्टर फोनवर म्हणाले, अशा हृदयाचा भरवसा देता येत नाही. खाट कुठेच रिकामी नाही. तिचा आकडा पंचाहत्तरच्या खाली गेला तर कळवा. सिद्धार्थने रजा काढली. मास्क लावून तिच्या पायाशी बसलेला असतो. तिला शहाळं, तिच्या कपाळावर पट्ट्या, तिच्याशी गप्पा. मी ताट दाराशी ठेवायचं आणि मागे सरायचं.
ती मरावी असं मला वाटत नाही. मला तिची जागा हवी आहे.

१४ एप्रिल
दुपारी तो औषधं आणायला गेला. तिचा डोळा लागला होता. उशाशी शहाळं, अर्धं उरलेलं. मास्क काढला. तिच्याच स्ट्रॉने प्यायले, संपेपर्यंत. मान वर केली तर ती जागी होती.

१९ एप्रिल
ताप. अंग मोडून आलंय. माझी गादी मागच्या खोलीत घातली. ईशानीचा ताप उतरला, आज तिने खिचडी मागून घेतली. सिद्धार्थची रजा संपली. प्लँटवर निम्मी माणसं आजारी, तो तिथेच मुक्कामाला. फोन आला. पहिला प्रश्न, ईशू जेवली का.

२२ एप्रिल
बाथरूममधून येताना खाली बसावं लागलं. उकिडवं. खरंच.
सासूबाईंनी ऑक्सिमीटर दारातून सरकवला. चौऱ्याऐंशी. त्यांचा चेहरा सैलावला. ईशूपेक्षा दोनने जास्तच की, म्हणाल्या. मी म्हटलं, माझ्यासाठी हा आकडा — दम पुरला नाही. त्या म्हणाल्या, टीव्हीवाले उगाच भीती घालतात, माझी पोर तेवीस वर्षं कशावर जगतेय?
सिद्धार्थला फोन केला. त्याने धाप ऐकली. मग म्हणाला, उल्का, परत सुरू करू नकोस.

२३ एप्रिल
आडवं होता येत नाही. भिंतीला टेकून. नखं जांभळी — माझीच आहेत.

२४ एप्रिल
दुपार. ईशानी आत आली. माझं बोट धरून नख पाहिलं. पाठीला कान लावला, बराच वेळ. म्हणाली, हे नाटक नाही, वहिनी. घरात फक्त मलाच कळतं.
मी रडले. वाटलं, सुटले.
ती म्हणाली, आज दादाने फोनवर आधी तुमचं विचारलं.
उठली. बाहेर — तिचा आवाज — दादाशी — वहिनी मजेत आहेत रे — अजून माझ्यासारखं बसून दाखवतात — हसली —
सासूबाईपण हसल्या —
परत आली. उशी सारखी केली. मी म्हटलं, त्याला बोलाव — ती म्हणाली, झोपा आता —
माझा फोन उशाशी होता. आता नाही. तिच्या हाता —