मास्तरांचा हात दोराला लागू दे

चिरंजीव प्लूरेह यास बूताईचे आशीर्वाद.

मी बरी आहे. निर्वासितांच्या छावणीत तांदूळ थोडा कमी मिळतो, पण झोपडीमागे भोपळा छान धरलाय. वहिनीचा खोकला थांबला का?

तू लिहिलंस, लष्कर हटलं, गावाची समिती आता आपल्या कायाह लोकांची, तेव्हा ताई, परत ये. खाली लिहिलंस, शाळेच्या बर्मी मास्तरांना समितीतून काढलं. तिथे मी पत्र मिटलं.

परवा इथे नव्या संघराज्याच्या घटनेच्या मसुद्यावर सभा होती. मी तो दोनदा वाचून गेले. लष्कराने आपल्यावर बर्मी भाषा लादली, असं सगळे कायाह भाषेत तावातावाने सांगत होते. शेजारी बसलेल्या शान जमातीच्या आजी मला म्हणाल्या, "बाई, जरा बर्मीत सांग गं, तुमचं मला काही कळत नाही."

मला लाज वाटली. मी उठून म्हटलं, बर्मीतही सांगा, तर सभेचे अध्यक्ष हसले. "बूमेह, आधी लष्कर जाऊ दे, मग आजींचं बघू."

मी म्हटलं, "आधी देश सांभाळू, मग तुमचं बघू, असं लष्करही आयुष्यभर सांगत आलं."

तुझ्या भावजींना बर्मी सैनिकांनीच नेलं, हे मी एक दिवसही विसरत नाही. पण त्यांना शोधायला माझ्याबरोबर रानात आले ते मास्तरच. तू आला नव्हतास. रागाने लिहीत नाही.

एप्रिलच्या सणाला जुन्या देवखांबांशेजारी यंदाचा नवा उभा कराल, तेव्हा गावाबरोबर त्याचा दोर ओढायला मास्तरांना बोलाव. समितीतही परत घे. मग मला कळव.

बोचकं बांधलेलंच आहे.

तुझी ताई,
बूमेह